माळावरचे नगर

आजचे वाचन: मत्तय 5:14-16

प्रभू येशू शिष्यांना सांगतो की डोंगरावर वसलेले नगर लपत नाही. 1630 मध्ये इंग्लंडहून जहाजाने अमेरिकेला निघालेल्या प्युरिटन लोकांनी हेच वचन मनात धरून बॉस्टन वसवले. शिस्त, कष्ट, शाळा, प्रार्थना, सगळे होते. पण वेगळ्या मताच्या माणसाला मात्र त्यांनी वेशीबाहेर काढले.

अडीचशे वर्षांनी त्याच बॉस्टनमध्ये एक मराठी विधवा मदत मागायला गेली. पंडिता रमाबाई. 1887 मध्ये तिथल्या लोकांनी त्यांच्यासाठी मंडळ स्थापन केले आणि 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. तरुणपणी दुष्काळात आई, वडील, बहीण डोळ्यांसमोर गेली. उपास म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. म्हणून 1896 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या मुलींचे हाल कळले तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ, इतक्या जणींना ठेवायचे कुठे? दौंडच्या वाटेवर केडगावला घेतलेली शेतजमीन होती. तिथेच मुक्ती सदन वसले.

सुरुवात अगदी साधी. आधी विहिरी खणल्या, मग घरे उठली. 1900 च्या सुमारास तिथे सुमारे दीड हजार जणी होत्या, शंभरावर गुरे होती. दिवस प्रार्थनेने सुरू व्हायचा, मग शाळा, शेत, गोठा, हातमाग, तेलघाणा. छापखान्यात मुलीच खिळे जुळवायच्या. अंध मुली ब्रेल वाचायला शिकल्या. ज्यांना गावाने आणि घराने टाकले होते, त्या इथे कामाच्या माणसे झाल्या. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून मराठी बायबलचे भाषांतर करत राहिल्या. 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 ला त्यांनी देह ठेवला. केडगावचे काम आजही चालू आहे.

प्रियांनो, दोन्ही वस्त्या एकाच देवाच्या नावाने उभ्या राहिल्या. फरक दारात होता. बॉस्टनने आत कोण नको ते ठरवले. रमाबाईंनी बाहेर कोण उरलंय ते जाऊन पाहिले.

आपल्या वाकडमध्ये टॉवर उंच आहेत, रात्री लांबून दिवे दिसतात. गेटवर ॲपमध्ये नोंद झाल्याशिवाय कोणी आत येत नाही. सुरक्षेसाठी ते ठीकच. पण घरकामाला येणाऱ्या ताईला, बांधकामावरच्या कुटुंबाला आपल्या उजेडाचा काही उपयोग होतो का? वचनात दिवा दिवठणीवर ठेवायचा आहे, तो घरातल्या सगळ्यांना दिसावा म्हणून.

प्रार्थना: प्रभू, आमची घरे उंच झाली, आता दारेही रुंद कर. आज बाहेर उभे असलेले एक तरी माणूस आम्हाला दिसू दे. आमेन.