कोसबाडच्या टेकडीवरची शाळा : अनुताई वाघ



थंडी पडली की शाळाशाळांत सहलीचे वेध लागतात. डहाणू-तलासरीकडे भटकंतीला येणारेही वाढतात. कोणी विवळवेढ्याला महालक्ष्मीचा डोंगर चढतं, कोणी बोर्डीच्या किनाऱ्याने चालतं, कोणी कोसबाडच्या टेकडीवर जातं. रानात जायचं ते मौज करायला आणि शिकायचं ते वर्गात, असं आपण धरूनच चालतो ना? याच कोसबाडच्या टेकडीवर राहून एका शिक्षिकेने ही समजूत खोटी ठरवली. त्या म्हणजे पद्मश्री अनुताई वाघ.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं आणि सहाच महिन्यांत वैधव्य आलं. त्या काळी अशा मुलीचं पुढचं आयुष्य घराच्या कोपऱ्यातच जायचं. अनुताई मात्र शिकल्या. शिक्षिकेचं प्रशिक्षण घेऊन त्यांनी आधी नाशिक जिल्ह्यात आणि मग पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी केली. दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत स्वतः शिकायचं, अशा कष्टांतून त्या मॅट्रिक झाल्या.

१९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं ग्रामसेविकांचं शिबिर होतं. तिथे त्यांची भेट ताराबाई मोडक यांच्याशी झाली. ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला बालशिक्षणाचं मोठं काम केलं होतं. आता त्यांना तेच काम खेड्यात न्यायचं होतं. अनुताईंनी पुण्याची नोकरी मागे ठेवली आणि त्या बोर्डीला आल्या.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतली मुलं तिथे येईनात. मग बालवाडीच त्यांच्या वस्तीत, घरापुढच्या अंगणात भरू लागली. हीच ती अंगणवाडी! १९७५ मध्ये सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा हेच नाव देशभर गेलं.

१९५६ च्या सुमारास काम कोसबाडला, वारली पाड्यांच्या मुलखात आलं. इथे अडचण आणखी मोठी होती. मुलगा सकाळीच गुरं घेऊन रानात जायचा. मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर सांभाळायची. आईबाप मजुरीला गेलेले. घरातले हे हात शाळेला द्यायचे, तर चूल कशी पेटणार? अशा मुलांना नुसतं गैरहजर लिहून मोकळं होणं सोपं होतं.

ताराबाई आणि अनुताईंनी उलटा विचार केला. मूल रानात आहे ना, मग शाळा रानात नेऊ. गुरं चरतात त्या कुरणातच शाळा भरू लागली. हिचं नाव कुरणशाळा. एकीकडे गुरांवर लक्ष आणि दुसरीकडे अक्षरओळख. गणितासाठी खडे, बिया, पानं आणि शिंपले होतेच. महागड्या साधनांवाचून काही अडलं नाही. मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. धाकटं भावंडं पाळणाघरात सुरक्षित राहिलं की थोरली बहीण वर्गात बसू शकायची. या योजनेचं नाव विकासवाडी.

१९७३ मध्ये ताराबाई गेल्या. अनुताईंनी काम सोडलं नाही आणि टेकडीही सोडली नाही. पन्नाशी उलटल्यावर त्या पदवीधर झाल्या, हेही आपण शिक्षकांनी लक्षात ठेवावं असं. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांचं आत्मकथन मिळालं तर जरूर वाचा. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचं निधन झालं.

आता पुन्हा आपल्या सहलीकडे येऊ. या भागात मुलांना आणाल तेव्हा टेकडी चढवा, ओढ्याकाठी फिरवा, मनसोक्त दमू द्या. पण वाट दाखवायला पाड्यावरचा एखादा जाणता माणूस सोबत घ्या आणि त्याला योग्य मोबदला द्या. पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडांवर मुलांना सोडू नका. झाड ओळखणं, पक्ष्याचा आवाज ऐकणं, सावलीवरून वेळ सांगणं, बियांचे दहा-दहाचे गठ्ठे करणं हा सगळा अभ्यासच आहे. फांद्या मात्र मोडायच्या नाहीत आणि प्लास्टिक परत न्यायचं.

आणि एक गोष्ट. आपण ज्या रानात दोन दिवस मौजेला येतो, ते इथल्या मुलाचं रोजचं अंगण आहे. कुठलं झाड कधी फळतं, ओढा कुठे उथळ आहे, हे त्याला पाठ असतं. वर्गात गप्प बसणाऱ्या अशा मुलाला रानात एक दिवस पुढे चालू द्या. तो वाट दाखवेल आणि बाकीचे मागून जातील. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचा हात वर येतो का, ते बघा बरं!