पाण्याची चिंता वाहणारा राजा



दरवर्षी 26 जूनला आपण राजर्षी शाहू महाराजांची जयंती साजरी करतो. वसतिगृहे, सक्तीचे मोफत शिक्षण, आरक्षण यांवर भाषणे होतात, आणि ती व्हायलाच हवीत. पाण्याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. म्हणून या अंकात मुख्यतः त्याविषयीच लिहितो.

महाराज आपल्या निपाणीशेजारच्या कागलच्या घाटगे घराण्यातले. जन्म 1874 चा. दहाव्या वर्षी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. शिक्षण राजकोटला आणि नंतर धारवाडला झाले. 2 एप्रिल 1894 रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. त्यांचे संस्थान फक्त घाटाच्या पायथ्यापुरते नव्हते. आज बेळगाव जिल्ह्यात असलेले रायबाग आणि कटकोळही त्यात होते. म्हणजे एका टोकाला दाजीपूरचा धो धो पाऊस आणि दुसऱ्या टोकाला कोरडे माळ!

दोन वर्षे होतात न होतात तोच 1896 चा पाऊस दगा देऊन गेला. राजा अवघा बावीस वर्षांचा. राजवाड्यात बसून अहवाल मागवता आले असते. हुजूर अधिकारी होतेच. पण महाराज स्वतः गावोगाव फिरले. स्वस्त धान्याची दुकाने उघडली गेली, शेतकऱ्यांना तगाई मिळाली, जनावरांच्या चाऱ्याची सोय झाली आणि हाताला काम मिळावे म्हणून दुष्काळी कामे निघाली. या कामांवर येणाऱ्या बायकांची तान्ही मुले सांभाळण्याचीही व्यवस्था महाराजांनी केली. मला स्वतःला ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. कामावर आलेल्या आईचा जीव कुठे अडकलेला असतो, हे कागदावर दिसत नाही; ते पाहायला तिथे जावे लागते. दुष्काळापाठोपाठ प्लेगही आला, पण राजाने रयतेची पाठ सोडली नाही.

पाऊस पडला की दुष्काळ विसरायचा, ही आपली जुनी सवय. महाराज विसरले नाहीत. 1902 मध्ये त्यांनी संस्थानाचे पाटबंधारे धोरण ठरवले, त्यासाठी वेगळा अधिकारी नेमला आणि विहिरी-तलावांची पाहणी व दुरुस्ती हाती घेतली. पुढे दाजीपूरजवळ भोगावती नदीवर मोठे धरण बांधायला काढले. जवळ गाव वसवले, त्याला कन्येचे नाव दिले : राधानगरी. एका लहान संस्थानाला हा खर्च झेपणारा नव्हता. 1918 पर्यंत भिंत सुमारे 40 फूट उंच झाली आणि पैशाअभावी काम थांबले. 6 मे 1922 रोजी महाराज गेले. पूर्ण झालेले धरण त्यांना पाहता आले नाही.

आज हवामान बदलाच्या चर्चेत आपण पावसाच्या लहरीपणाबद्दल बोलतो. आपल्या भागाने तो अनुभवला आहे. 2019 मध्ये वेदगंगेच्या पुराने यमगर्णीजवळ महामार्ग बंद पडला, तर 2023 मध्ये कर्नाटकातले बहुतेक तालुके दुष्काळी जाहीर झाले. राधानगरीत आता 8.36 टीएमसी पाणी साठते. पावसाळ्यात त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी येते तेव्हा ते पाणी भोगावतीतून पंचगंगेत जाते, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळते आणि तिथून आपल्या चिकोडी तालुक्यात उतरते.