पाऱ्याला शिस्त लावणारा कारागीर

केशोरीत ताप आलेल्या मुलाचा पारा १०१ वर गेला की घरचे धास्तावतात. तो आकडा डॅनियल फॅरनहाइट यांच्या मोजपट्टीवरचा. १६८६ मध्ये डान्झिगला जन्मलेल्या फॅरनहाइट यांचे आईवडील १७०१ मध्ये विषारी अळंबी खाऊन एकाच दिवशी दगावले. पोरक्या मुलाला व्यापार शिकायला अॅमस्टरडॅमला धाडले गेले. त्याचे मन मात्र उपकरणांत रमले.

तेव्हा एकाच खोलीतले दोन तापमापक दोन वेगळे आकडे दाखवत. १७०८ मध्ये ओले रोमर यांची पद्धत पाहून फॅरनहाइट यांनी ठरावीक बिंदूंवर खुणा करण्याचा ध्यास घेतला. १७१४ च्या सुमारास त्यांनी पाऱ्याचा भरवशाचा तापमापक घडवला. वितळत्या बर्फाला त्यांनी ३२ अंश दिले. १७२४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १७३६ मध्ये हेग येथे, पन्नाशीतच ते वारले.

त्यांचा धडा आजही घरात लागू पडतो. हीटरच्या थर्मोस्टॅटवरचा आकडा हा अंदाज असतो. हीटरपासून दूर तापमापक ठेवावा, अर्धा तास थांबावे, मगच चकती किंचित फिरवावी.