गुन्ह्याचा शोध विद्यापीठात नेणारे प्राध्यापक

गुन्हेतपासाला विद्यापीठात स्वतंत्र विषयाचे स्थान मिळवून देणारे रुडॉल्फ आर्चिबाल्ड राइस यांचा जन्म ८ जुलै १८७५ रोजी जर्मनीतील बाडेन येथे झाला. शिक्षणासाठी ते स्वित्झर्लंडमधील लोझानला आले आणि वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी त्यांनी रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. छायाचित्रणाचा त्यांना विलक्षण ध्यास होता. त्या काळी छायाचित्रण हे रसायनशास्त्राचेच एक अंग असल्याने प्रयोगशाळेतून गुन्ह्याच्या जागेपर्यंतचा त्यांचा प्रवास वाटतो तितका आडवळणाचा नव्हता.

पॅरिसमध्ये आल्फोन्स बर्तियों यांच्या पद्धतींचा अभ्यास करून ते परतले आणि १९०९ मध्ये त्यांनी लोझान विद्यापीठात वैज्ञानिक पोलीस तपासाची संस्था स्थापन केली. विद्यापीठीय शिक्षण देणारी या प्रकारची ही जगातील पहिली संस्था मानली जाते. बोटांचे ठसे, रक्ताचे डाग, बनावट दस्तऐवज यांची परीक्षा तेथे शिकवली जाई. चोरी आणि खून यांच्या तपासावरील त्यांचा ग्रंथ १९११ मध्ये प्रसिद्ध झाला.

यानंतर एखाद्या प्राध्यापकाचे आयुष्य वर्गात आणि ग्रंथालयात सरले असते. परंतु १९१४ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याने सर्बियावर आक्रमण केले, नागरिकांची कत्तल झाली आणि सर्बियन सरकारने तपासासाठी राइस यांना पाचारण केले. जन्माने जर्मन असलेल्या माणसाने जर्मनीच्या मित्रराष्ट्राविरुद्ध पुरावे गोळा करावेत, ही गोष्ट सोपी नव्हती. त्यांनी मात्र नेहमीचीच पद्धत वापरली. जळालेली गावे पाहिली, छायाचित्रे घेतली, जखमा व स्फोटक गोळ्या तपासल्या आणि वाचलेल्या ग्रामस्थांबरोबरच ऑस्ट्रियन युद्धकैद्यांच्याही साक्षी नोंदवल्या. शत्रूच्याच सैनिकांचे जबाब घेण्यातली ही दक्षता त्यांच्यातील शिक्षकाची होती, असेच म्हणावे लागेल. त्यांचे अहवाल युरोपभर वाचले गेले; जर्मन व ऑस्ट्रियन वर्तुळांचा रोषही त्यांनी ओढवून घेतला.

पुढे सलोनिका आघाडीवर ते सर्बियन सैन्यासोबत राहिले. युद्ध संपल्यावर लोझानचे प्राध्यापकपद सोडून ते बेलग्रेडला स्थायिक झाले आणि तेथील पोलीस दलाच्या तांत्रिक विभागाच्या उभारणीस त्यांनी हातभार लावला. मात्र ज्या देशासाठी सर्वस्व दिले त्याच देशातील राज्यकर्त्यांच्या स्वार्थाने ते व्यथित झाले व सार्वजनिक जीवनातून हळूहळू दूर गेले. ८ ऑगस्ट १९२९ रोजी शेजारी राहणाऱ्या एका माजी मंत्र्याशी झालेल्या वादानंतर त्यांचे निधन झाले. देह बेलग्रेडमध्ये दफन झाला. हृदय त्यांच्या इच्छेनुसार, सर्बियन सैनिक जेथे लढले होते त्या काइमाकचालान शिखरावर ठेवण्यात आले.