खेचरांच्या नालांपासून टर्बो इंजिनापर्यंत : एन्झो फेरारी

पहिल्या महायुद्धात एन्झो फेरारी इटलीच्या पहाडी तोफखान्यात दाखल झाले, तेव्हा त्यांच्या हाती तोफ आली नाही. खेचरांना नाल ठोकण्याचे काम आले. नाल निघाला तर तोफ डोंगरावर चढत नाही, हे आपल्या माउंटन बॅटरीच्या जुन्या जवानांना सांगायला नको.

एन्झोंचा जन्म १८९८ साली मोडेना येथे झाला. १९१६ या एकाच वर्षी वडील आणि भाऊ वारले. पुढे गंभीर आजाराने सैन्यही सुटले. युद्ध संपल्यावर ते तुरिनला फियाटकडे नोकरी मागायला गेले, पण नकार मिळाला. ऐन हिवाळ्यात वालेन्तिनो बागेतल्या बाकावर बसून ते रडले.

मग ते शर्यतीत गाडी चालवू लागले. १९२३ मध्ये राव्हेन्नाजवळची शर्यत जिंकल्यावर फ्रान्चेस्को बाराक्का या धारातीर्थी पडलेल्या वैमानिकाच्या आईवडिलांची ओळख झाली. बाराक्कांनी शत्रूची ३४ विमाने पाडली होती. त्यांच्या विमानावरचा उधळलेला काळा घोडा आईने एन्झोंना गाडीवर लावायला सुचवला. तोच आज फेरारीचे चिन्ह आहे. १९४७ मध्ये फेरारी नावाच्या गाडीने त्याच वालेन्तिनो बागेतली शर्यत जिंकली, तेव्हा एन्झो पुन्हा त्या बाकावर जाऊन बसले.

त्यांची ख्याती बारा सिलिंडरच्या इंजिनांची. पण १९७७ मध्ये रेनॉने फॉर्म्युला वनमध्ये टर्बो इंजिन आणले. नियमाप्रमाणे साधे इंजिन तीन लिटरचे, टर्बो मात्र दीडच लिटरचे. बाहेर जाणाऱ्या जळक्या वायूने चाकी फिरते, ती इंजिनात दाबून हवा भरते; हवा जास्त, म्हणून इंधन जास्त आणि ताकदही जास्त. खोड एकच: पेडल दाबल्यावर ताकद क्षणभर उशिरा येते.

१९७९ चे विश्वविजेते फेरारी १९८० मध्ये एकही शर्यत जिंकू शकले नाहीत. ऐंशी ओलांडलेल्या एन्झोंनी बारा सिलिंडर बाजूला ठेवून सहा सिलिंडरचे टर्बो शर्यतीत उतरवले. १९८१ मध्ये कॅनडाच्या जिल व्हिलनव्हने त्यावर मोनॅकोची शर्यत जिंकली. अरुंद गल्ल्या, वळणावर वळण, म्हणजे उशिरा जागणाऱ्या इंजिनाला सर्वांत गैरसोयीचे ठिकाण!

ड्रायव्हरांना एकमेकांविरुद्ध चुरशीत ठेवण्याची एन्झोंची रीत मला पटत नाही. पण जिलवर त्यांची माया होती. स्वतःचा मुलगा डिनो १९५६ मध्ये, २४ व्या वर्षी गेला होता. ८ मे १९८२ रोजी बेल्जियममधील झोल्डर येथे जिलही गेला, वय ३२. ऑगस्टमध्ये दुसरा ड्रायव्हर पिरोनी जबर जखमी झाला. तरीही त्या वर्षीचे संघांचे अजिंक्यपद फेरारीने मिळवले आणि १९८३ मध्ये राखले.

१४ ऑगस्ट १९८८ रोजी एन्झो वारले. टर्बोच्या त्या पर्वाचेही ते शेवटचे वर्ष होते. पुढल्या मोसमापासून त्यावर बंदी येणार होती. मॅक्लारेनने तोवरच्या अकराही शर्यती जिंकल्या होत्या. ११ सप्टेंबरला इटलीतील मोन्झा येथे प्रॉस्टचे इंजिन बिघडले, तर आघाडीवरचा सेना अवघे दोन फेरे उरले असताना मागे पडलेल्या एका गाडीवर आदळला. पहिला आला बर्गर, दुसरा अल्बोरेटो. दोघेही फेरारीचे.