प्रकाशवैद्य फिन्सेन

उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर सूर्यदर्शन दुर्मीळच. ढग, धुके आणि पाऊस यांचेच तेथे राज्य. डेन्मार्कच्या सत्तेखालील या बेटांवर, थोर्सहाव्न या गावी, १५ डिसेंबर १८६० रोजी नील्स रायबर्ग फिन्सेन यांचा जन्म झाला. चार वर्षांचा असतानाच नील्स मातृसुखाला पारखा झाला. डेन्मार्कमधील शाळेत गुरुजनांनी त्याला मंद ठरविले. तो निर्णय किती घाईचा होता, हे पुढे दिसून आलेच. उरलेले शिक्षण त्याने आइसलँडमध्ये घेतले आणि १८९० साली कोपनहेगन येथे तो वैद्यकीची परीक्षा उत्तीर्ण झाला.

परंतु विद्यार्थिदशेतच एका दुर्धर रोगाने त्यांना ग्रासले होते. थोड्याशा श्रमानेही थकवा येई. पुढे पोटात पाणी साठू लागले. राहण्याची खोली उत्तराभिमुख, तीत ऊन कधी येत नसे. उन्हात बसले की मात्र बरे वाटे. छपरावर पहुडलेले मांजर सावली सरकताच पुन्हा उन्हात जाऊन बसते, हे त्यांनी पाहिले. उन्हात असे काय असते, या प्रश्नाने त्यांच्या मनात घर केले.

त्या काळी त्वचेचा क्षय हा भयंकर विकार होता. त्यात नाक, गाल, ओठ हळूहळू झडत. रोगी चारचौघांत तोंड दाखविण्यास कचरत असे, कित्येकदा त्याचा रोजगारही जाई. फिन्सेन यांनी १८९५ मध्ये या रोगावर विजेच्या कमानदिव्याचा प्रकाश योजला. स्फटिकाच्या भिंगांनी तो एकत्र करावयाचा आणि त्यातील उष्णता पाण्याच्या थरात शोषून घ्यावयाची, म्हणजे कातडी भाजत नसे. रक्तामुळे किरण अडतात, म्हणून परिचारिका त्वचेवर स्फटिकाची चकती दाबून धरी. एका वेळी लहानसा भाग, रोज सुमारे तासभर, असे कित्येक महिने चाले. केवढे हे चिकाटीचे काम! पहिला रोगी विजेच्या कारखान्यातील अभियंता होता. वर्षानुवर्षे इतर उपचार करून थकलेला तो गृहस्थ या प्रकाशाने सुधारला. १८९६ साली कोपनहेगनमध्ये फिन्सेन यांची प्रकाशचिकित्सा संस्था उभी राहिली. मूळच्या डॅनिश राजकन्या अलेक्झांड्रा यांनी १९०० साली हा दिवा लंडनच्या रुग्णालयात आणविला.

पुढे क्षयावर गुणकारी औषधे निघाली आणि हे दिवे मागे पडले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, त्यांच्या यंत्रणेतून आखूड लहरींचे अतिनील किरण पलीकडे जातच नसत. त्यांहून लांब लहरींच्या प्रकाशाने जंतूंमधील द्रव्यांवर क्रिया होऊन ते मरत असावेत. कारण वेगळे निघाले, तरी रोगी बरे झाले होते हे खरेच. आज सोरायसिससारख्या त्वचेच्या दाहावर औषधांच्या जोडीला अतिनील किरण किंवा लेसर वापरतात.

१९०३ मध्ये फिन्सेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते घेण्यास जाण्याइतकी शक्ती त्यांच्या अंगी उरली नव्हती. ते चाकांच्या खुर्चीला खिळले होते. त्या रकमेचा मोठा भाग त्यांनी संस्थेला दिला. अखेरच्या दिवसांतही आपल्या अन्नातील मीठ आणि पाणी यांचे मोजमाप ते ठेवीत. शरीरात साठणाऱ्या मिठाविषयीचा त्यांचा निबंध १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.