तंबोऱ्याची तार आणि खाँसाहेब

किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ यांचे गाणे आपल्यापैकी पुष्कळांनी ध्वनिमुद्रिकेवर ऐकले असेल. त्यांच्या गोड गळ्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे. परंतु तंबोऱ्याची तार तुटली तर हा मोठा गवई कारागिराची वाट न पाहता स्वतः हत्यारे घेऊन बसे, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

त्यांचा जन्म 1872 साली उत्तरेकडील कैराना गावी झाला. घराणे सारंगियांचे, त्यामुळे तारा आणि खुंट्या लहानपणापासून हाताखालच्या. पुढे ते बडोद्याच्या दरबारी राहिले. तेथेच माने घराण्यातील ताराबाईंशी त्यांचा संबंध जुळला आणि दोघांनी बडोदे सोडले. त्यानंतरचे त्यांचे आयुष्य बहुतेक महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात गेले. धारवाड-हुबळी हा भाग जोयडा-हल्याळकडच्या आपल्या वाचकांच्या नेहमीच्या जाण्यायेण्यातला. त्याच भागातील कुंदगोळचे रामभाऊ त्यांचे शिष्य झाले आणि सवाई गंधर्व म्हणून गाजले.

तार बदलणे हे वरवर सोपे काम दिसते. तार बहुधा जिथे वाकते तिथेच, म्हणजे खुंटीपाशी किंवा घोडीपाशी तुटते. तुटका तुकडा काढून त्याच जाडीची नवी तार खाली अडकवायची, घोडीवरून वर नेऊन खुंटीला गुंडाळायची. नवी तार काही काळ ताणत राहते, म्हणून स्वर उतरतो व ती पुनःपुन्हा चढवावी लागते. पियानोत अशा दोनशेहून अधिक तारा असतात, तंबोऱ्यात चारच. पण तंबोऱ्याची खरी मेख जवारीत आहे. घोडीचा पृष्ठभाग किंचित उतरता घासावा लागतो, म्हणजे तार त्याला हलकेच स्पर्श करीत कंप पावते. मग तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधायची. कानस जरा जास्त फिरली की आवाज बसला! हे काम हातापेक्षा कानाचे आहे, आणि खाँसाहेबांचा कान फार सूक्ष्म होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींचे मोजमाप केले, तेव्हा पडताळ्यासाठी त्यांनी खाँसाहेबांचेच गाणे घेतले होते.

1913 साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालविले. पुढे ते मिरजेस स्थायिक झाले. मिरज म्हटले की आपल्या मंडळींना मिशन हॉस्पिटल आठवते. गवयांना आठवतात ते तेथील तंबोरे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तेथे हा धंदा उभा केला. 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. जवारी जाणणाऱ्या गवयाला याहून योग्य गाव कोणते?

घरात मात्र सूर टिकला नाही. 1922 च्या सुमारास ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावे बदलली. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही नावे पुढे महाराष्ट्राने डोक्यावर घेतली, पण त्यांत वडिलांचे नाव नव्हते. दोष कोणाचा, हे ठरविणे आपले काम नव्हे. इतके खरे की बापाची गायकी मुलांच्या गळ्यात राहिली.

ऑक्टोबर 1937 मध्ये ते मद्रासकडून पाँडिचेरीस निघाले होते. वाटेत छातीत कळा येऊ लागल्या, म्हणून सिंगपेरुमाळकोविल या लहानशा स्टेशनवर ते शिष्यांसह उतरले. फलाटावर बिछाना घातला. त्यांनी तंबोरा जुळवून घेतला आणि दरबारीच्या सुरांत ईश्वराचे नाव घेत 27 तारखेस प्राण सोडला. देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला.